एकोणतीस नंबरची खाच

एकूण एकतीस कबरी. सतरांवर अख्खा दगड, नऊंवर फुटका, आणि पाच ठिकाणी नुसताच चौथरा, वर काही नाही. संचिताने तीनदा मोजलं. पहिल्यांदा तीसच भरल्या होत्या, कारण एका कबरीवर कोणीतरी काळी पिशवी टाकली होती आणि तिला हात लावायचा धीर तिला झाला नव्हता. दुसऱ्यांदा तिने काठीने पिशवी सरकवली. पिशवी फाटली. जवळच्या कुठल्यातरी सलूनमधले आठवडाभराचे केस, काळे, पांढरे, मेंदी लावून तांबडे झालेले, दगडावर पसरले. त्यांतून एक घूस निघाली आणि घाई न करता पलीकडच्या गवतात गेली. तिसऱ्यांदा संचिताने नाकावर रुमाल बांधून मोजलं.

जागा ठाकुर्ली स्टेशनपासून चालत अकरा मिनिटांवर, रेल्वेच्या जुन्या चाळींच्या मागे. कुंपणाची भिंत तीन बाजूंनी उरलेली. चौथ्या बाजूला दुकानांच्या पाठी, आणि त्या पाठींमधून बाहेर पडलेलं सगळं: कोंबड्यांची पिसं, लहान मुलांची वापरलेली डायपर, देवाच्या फोटोंच्या फुटक्या काचा, निर्माल्य. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथे रेल्वेत नोकरी करणारी बेने इस्राएल कुटुंबं राहत. घरात मराठी बोलणारे, कोकणातल्या गावांवरून आडनावं घेतलेले हे ज्यू लोक पुढे एकेक करून इस्राएलला गेले. माणसं गेली, मेलेले इथे राहिले.

परदेशात गेलेल्या कुटुंबांच्या वंशावळी जुळवून देणाऱ्या एका संस्थेसाठी संचिता हे काम करत होती. भूशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तिला हेच काम मिळालं होतं, आणि ते तिला आवडतही होतं. कबर शोधायची, मोजायची, अक्षरं वाचायची, फोटो काढायचा, ॲपमध्ये भरायचं. नियम कडक होता: दगडाचा फोटो, त्यावर निदान एक वाचता येणारं अक्षर आणि तीन मापं, म्हणजे लांबी, रुंदी आणि अक्षरांची खोली. यातलं एक जरी नसेल तरी नोंद होत नाही. कोणाच्या आठवणीला तिथे रकाना नव्हता.

प्रार्थनालयातल्या जुन्या वहीत इथल्या त्रेचाळीस कबरी ओळीने लिहिलेल्या होत्या, मोठ्यांच्या नावानिशी, लहानांच्या नुसत्या ‘मूल’ म्हणून. बारांचा मागमूस नव्हता. संचिताला आज हवी होती ती एकोणतीस नंबरची; ठाण्याच्या एका वृद्ध बाईंनी फोन करून तीच शोधायला सांगितली होती. अठ्ठावीसवरचं नाव वाचता येत होतं, तिसावरचंही. मधला चौथरा हातभर लांबीचा, लहान मुलाचा. दगड नव्हता, पण तो जिथे बसवला होता ती आयताकृती खाच शाबूत होती. तिने आतली माती काढली आणि बारीक मापं घेणारं लांब व्हर्निअर लावलं. अडतीस पूर्णांक पाच सेंटीमीटर लांब, चोवीस रुंद.

पलीकडून सपासप कोयत्याचा आवाज येत होता. रविवार होता, कोंबडीच्या दुकानामागे गर्दी. दुकानदार परशुराम मागच्या ओट्यावर बसून कापत होता. पिसं काढायचा ड्रम ज्यावर ठेवला होता, तो दगड संचिताने लांबूनच ओळखला. ती तडक त्याच्यापाशी गेली.

“हा दगड कुठून आणलात तुम्ही?”

“आणला कुठे? इथेच होता. मी आलेलो तेव्हापासून इथेच आहे.”

“कबरीचा आहे हा.”

“असंल ना. मग?” परशुरामने कोयता पाण्याच्या बादलीत बुडवला. पाणी केव्हाच लाल होऊन आता तपकिरी झालं होतं.

“मग? तुमच्या घरचं कोणी गेलं, तर त्याच्या नावावर ड्रम ठेवाल? त्याच्यावर कोंबड्यांचं रक्त सांडाल?”

गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. एक बाई म्हणाली, “अगं, माझी दीड किलोची आधी दे म्हणावं, मग भांडा.”

परशुराम चिडला नाही. त्याने ड्रमला हात घालून तो बाजूला ओढला, मगभर पाणी ओतलं आणि पायाने पिसं सारली. खालून अक्षरं वर आली: ‘...बाई पेणकर. वय वर्षे ६१’.

“बघा, ताई. वाचता येतंय का? आम्ही वापरला, मान्य. पण नाव तर पुसलं नाय ना कोणाचं?” मग जरा थांबून म्हणाला, “तुम्ही कुठल्या?”

“डोंबिवलीची. माझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. इथेच पुढच्या चाळीत राहायचे.”

“म्हणजे आपल्याच की,” परशुराम म्हणाला.

त्या ‘आपल्याच’ने तिला त्या बादलीतल्या पाण्याइतकीच शिसारी आली. तिने फोटो काढला, मापं घेतली आणि स्टेशनकडे निघाली.

ठाण्यात, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, फ्लोरा झिराडकर यांच्या दाराबाहेर पाण्याची छोटी बादली आणि मग ठेवलेला होता. दार उघडताच त्यांनी बोट बादलीकडे केलं.

“कबरस्तानातून आलीस ना? आधी हात धू. तीनदा. आणि पुसू नकोस, आपसूक वाळू देत.”

फ्लोराबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेली, त्यामुळे कोणताही आकडा कानावर पडला की तो सुटा करून परत म्हणायची सवय जिभेत बसलेली. तक्रार न करणाऱ्या, पण कोणालाही उगाच गोड न बोलणाऱ्या.

“तुझ्या आधी दोघे येऊन गेले,” चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या. “एक परदेशातला, एक पुण्याचा. पोहे झाले, चहा झाला, माझ्या लग्नाच्या फोटोचा फोटो काढून झाला. निघताना म्हणतात, आंटी, यू आर अ ट्रेझर. मी काय पुरलेलं धन आहे?”

संचिता हसली. मग वही उघडून म्हणाली, “मावशी, एकोणतीस नंबर...”

“दोन-नऊ.”

“हो. चौथरा सापडला. खाच सापडली. दगड नाही.”

फ्लोराबाईंनी किटली खाली ठेवली. बराच वेळ तिचं झाकण नीट बसवत राहिल्या.

“एकोणीसशे एकोणसत्तरचा फेब्रुवारी. माझा आरोन पाच महिन्यांचा होता. ताप आला, तिसऱ्या दिवशी गेला. डेव्हिड, माझा नवरा, तेव्हा ठाकुर्लीला फिटर होता. दोन वर्षांनी भुसावळला बदली झाली. त्या सामानात आमची एक ट्रंक गहाळ झाली. त्याचा जन्माचा दाखला त्यात होता, टोपडं होतं. फोटो कधी काढलाच नव्हता. सासूबाई म्हणायच्या, सहा महिन्यांचा होऊ दे, मग काढू.” त्यांनी हात झटकला. “निवृत्त होऊन ठाण्याला आलो तेव्हा मी आणि डेव्हिड गेलो होतो बघायला. खाचच होती. डेव्हिड परत कधी गेला नाही.”

“मुलगी तुमची इस्राएलला, अश्दोदला ना?”

“हो. ती वंशावळ भरतेय. माझ्या खाली एकच फांदी काढलीय, तिची स्वतःची. मी म्हटलं, अगं तुझ्याआधी एक आहे. तर म्हणाली, मम्मी, ॲप पुरावा मागतंय.” फ्लोराबाईंनी संचिताकडे सरळ पाहिलं. “डेव्हिड गेला, सासूबाई गेल्या. तो होता असं म्हणणारी आता मी एकटी. मी गेले की तो झालाच नव्हता. तेवढंच आहे माझं काम तुझ्याकडे. दुसरं काही नको मला. माझी मुलाखत नको घेऊस.”

“दगडाची काही खूण?”

“खूण!” फ्लोराबाईंच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं, आणि त्यात जरा चीडही होती. “आमच्यात कबरीच्या डोक्यावर दोन हिब्रू अक्षरं कोरतात. पे आणि नून. ‘इथे पुरला आहे’ याची आद्याक्षरं. पाथरवट कल्याणचा होता, त्याला हिब्रू कुठून येणार? डेव्हिडने कागदावर काढून दिली. मराठी मजकूर वेगळ्या कागदावर. पठ्ठ्याने हिब्रूचा कागद उलटा धरला. मराठी सगळं सुलटं, आणि वरची दोन अक्षरं डोक्यावर उभी! सासूबाई म्हणाल्या, फोडून टाका, नवीन करा. मी म्हटलं राहू दे. उलटा तर उलटा. माझा मुलगा मला लगेच ओळखता येईल.”

विजेच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी दोन अक्षरं काढली. एक पोटात वळलेलं, एक साधा कोन. मग बिल हातात फिरवून उलटं केलं आणि संचितापुढे धरलं.

संचिताने पाहिलं. तिने कप खाली ठेवला.

ते वळलेलं अक्षर तिने हजार वेळा पाहिलं होतं. त्यावर बोट फिरवलं होतं. लहानपणी आंघोळ करून स्वयंपाकघरात आली की आई ज्यावर चटणी वाटत असे, त्या पाट्याच्या वरच्या कडेला हेच चिन्ह होतं. घरात त्याला ‘सोंड’ म्हणत. गौरी-गणपतीला आई त्याला कुंकू लावायची.

“काय गं?”

“काही नाही, मावशी. हे बिल मी घेऊन जाऊ?”

“ने. भरलंय मी ते.”

डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत दीड वाजला. जिन्यातच खोबऱ्या-लसणाचा वास आला. रविवारचं वाटण तिची आई, वासंती, नेहमी पाट्यावर करायची. मिक्सरमध्ये मसाल्याची पावडर होते, वाटण होत नाही, असं तिचं ठाम मत होतं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर, एक पाय दुमडून, वरवंटा ओढत बसली होती. पाट्यावर भाजलेल्या खोबऱ्याचा तपकिरी लगदा पसरला होता.

“आई, थांब.”

“तू आधी हातपाय धू. कुठकुठल्या कबरी उपसून येतेस आणि तशीच चुलीपाशी!”

“आई, हात काढ.”

आवाजात काहीतरी होतं. वासंतीने हात काढला. संचिताने पिशवीतून व्हर्निअर काढलं, गुडघ्यावर बसली. लांबी अडतीस पूर्णांक एक. रुंदी तेवीस पूर्णांक सहा. तिने पुन्हा मोजलं. खाचेपेक्षा चार-चार मिलिमीटर कमी. चुना भरून दगड बसवायला तेवढी फट हवीच. तिने ओल्या फडक्याने वरची कड पुसली. कुंकवाचा जुना थर निघता निघेना, तेव्हा नखाने खरवडला. मग विजेचं बिल शेजारी ठेवलं, उलटं.

वळलेलं अक्षर. साधा कोन.

“अगं, सोंडेचं कुंकू का काढतेस?”

“सोंड नाहीये ती.” तिने जितकं कोरडं सांगता येईल तितकं कोरडं सांगितलं. कबरस्तान, खाच, उलटा धरलेला कागद. “पाच महिन्यांच्या बाळाच्या कबरीचा दगड आहे हा.”

वासंतीने आधी आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटांना वाटण लागलं होतं. ती उठली, मोरीत गेली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. परत आली ती पाट्यापासून लांब, दाराशीच उभी राहिली.

“तुझ्या पाचवीला हाच मांडला होता,” ती म्हणाली. “पाटा-वरवंटा. हळदकुंकू वाहून सटवाईला म्हटलं, पोरीला आयुष्य दे. तुला याच्या शेजारी निजवलं होतं गं. याच्या शेजारी!”

संचिता चोवीस वर्षं याच पाट्यावरचं वाटण खात आली होती. बेसॉल्ट कितीही कठीण असला तरी घासून झिजतो, हे तिला पाठ होतं. झिजलेला भाग कुठे जातो हेही. चटणीत जातो. तिने भूशास्त्राच्या वर्गात यावर विनोदसुद्धा ऐकला होता.

“अहो!” वासंतीने हाक मारली. “ऐकलंत का?”

सुधीर बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसला होता. एका औषधाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून नोकरी करून दोन वर्षांपूर्वी घरी बसलेला मितभाषी माणूस. तो दारात आला. पाट्याकडे पाहिलं, खरवडलेल्या कुंकवाकडे पाहिलं. त्याने काय झालं असं विचारलं नाही, आणि तेवढ्यावरूनच संचिताला कळलं.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं.”

“जेवून घेऊ. मग बोलू.”

“कोण जेवणार हे?”

सुधीरने खुर्ची ओढली, पण बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

“मी पहिलीत होतो. बाबा एकदा लाइनीवरून येताना खांद्यावर पाटा घेऊन आले. भिंत पडली होती तिकडची, म्हणाले, माल पडून आहे, कोणी विचारत नाही. आईला आनंद झाला, तिच्याकडे पाटा नव्हता. तिला वाचता येत नव्हतं, बाबांनाही नाही.” तो थांबला. “मला नुकतीच अक्षरं यायला लागली होती. जे दिसेल ते मोठ्याने वाचायचो. दुकानांच्या पाट्या, बसचे नंबर. तसंच हे वाचलं. आईला म्हटलं, आई, याच्यावर नाव आहे. आ... रो... न. ‘रो’ला अडत होतो. खालच्या ओळीतला झ मला पुस्तकात कधी नीट यायचा नाही, तो मी याच्यावरच बोट फिरवून शिकलो.”

“मग?”

“संध्याकाळी आईने बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी टाकीवालीला बोलावलं.”

पाटा गुळगुळीत झाला की छिन्नीने ठोकून खरखरीत करून देणारी बाई, टाकीवाली, संचितानेही लहानपणी पाहिली होती. ती दारात बसून टकटक करायची आणि तिच्या पदरात दगडाची भुकटी जमायची.

“बाबा तिच्यासमोर उभे होते,” सुधीर म्हणाला. “म्हणाले, मधोमध चांगली खोल मार. कडा नाही मारल्या तरी चालतील. मी शाळेतून आलो तेव्हा वाचायला काही उरलं नव्हतं.”

शेगडीवर कुकरची शिट्टी झाली. वासंतीने गॅस बंद केला.

आम्ही वापरला, मान्य. पण नाव तर पुसलं नाय ना कोणाचं? परशुरामचा आवाज संचिताच्या कानात जसाच्या तसा वाजला, कोयत्याच्या सपकाऱ्यासकट. तिला त्याच्यासमोर सकाळी आपण कशा उभ्या होतो ते आठवलं, नाकावरच्या रुमालासकट, आणि स्वतःचीच किळस आली.

“आता असं करा,” वासंती म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं, आणि आवाजात घरातली कामं वाटून देताना असायचा तो ठामपणा आणला. “आत्ताच्या आत्ता खाडीवर न्या. वाहत्या पाण्यात सोडा. नारळ द्या, हात जोडा, मागे न बघता या. माझ्या घरात हा आता नको.”

“मोठागावच्या बाजूला नेतो,” सुधीर लगेच म्हणाला. “दुपारचं कोणी नसतं.”

“नाही,” संचिता म्हणाली. “ज्याचा आहे त्याची आई जिवंत आहे. ठाण्याला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला नोंद हवीय. दगड नसेल तर नोंद नाही.”

“मग फोटो काढ आणि सोड की!”

“‘सापडला ते ठिकाण’ असा रकाना आहे, आई.”

“तिथे लिही, रस्त्यात सापडला,” सुधीर म्हणाला. “ठाकुर्लीच्या रस्त्यात. खोटं नाही ते. मूळ तिथलाच आहे.”

“बाबा.”

“काय बाबा? माझा बाप चोर नव्हता! तेहतीस वर्षं रुळांवर काढली त्याने. आता मेल्यावर त्याचं नाव तू परदेशातल्या कॉम्प्युटरवर चढवणार? घरच्या पत्त्यासकट?”

“त्यांचं नाव नाही चढणार. पत्ता चढेल.”

सुधीरने खुर्ची जागेवर सरकवली. बाहेरच्या खोलीत गेला. पेपर उचलल्याचा आवाज आला, पान उलटल्याचा आला नाही.

वाटण कोणी खाल्लं नाही. वासंतीने ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं, मग कचऱ्याची पिशवीच बाहेर नेऊन ठेवली. कोंबडी शेजारच्या सरोजताईंना देऊन टाकली, पोट बिघडलंय म्हणून. संध्याकाळी संचिताने पाटा साबणाने, मग लिंबाने, मग नुसत्या गरम पाण्याने धुतला. वास गेला नाही. लसूण दगडाच्या रंध्रांत शिरला होता. तिने दात तीनदा घासले. त्याने काही होणार नव्हतं.

सोमवारी सकाळी ती दगड जुन्या चादरीत गुंडाळत होती. वजन बारा किलो सहाशे ग्रॅम. सुधीर येऊन उभा राहिला. चादर बाजूला सारून त्याने दगडाच्या डाव्या कडेला, वरून वीतभर खाली बोट टेकवलं.

“झ इथे होता,” तो म्हणाला. “ओळीच्या सुरुवातीला. कडेला असल्यामुळे थोडा राहिला असेल. बघ.”

मग त्याने गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं आणि तीन मजले उतरून रिक्षापर्यंत नेलं. सीटवर ठेवताना त्याचा हात क्षणभर त्याच्यावर राहिला.

“काय लिहायचं ते लिही,” तो म्हणाला आणि मागे न बघता जिना चढला.

ठाण्याला दाराबाहेरच्या बादलीतून संचिताने न सांगता हात धुतले. तीनदा.

“पुन्हा तिकडे गेली होतीस?” फ्लोराबाईंनी विचारलं.

“नाही. घरून आले.”

फ्लोराबाईंनी तिच्या ओल्या हातांकडे पाहिलं, मग रिक्षावाल्याने उंबऱ्यापाशी ठेवलेल्या गाठोड्याकडे.

जेवणाच्या टेबलावर चादर उघडल्यावर त्या जवळ आल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अंगठा वरच्या कडेला गेला आणि त्या वळलेल्या अक्षरात बसला.

“उलटाच आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

मग त्या वाकल्या आणि त्यांनी नाक आक्रसून मान मागे घेतली. “लसणाचा वास येतोय.”

संचिताने ठरवलं होतं की विचारतील तेवढं सगळं सांगायचं, आणि न विचारलेलंही सांगायचं. तिने सांगितलं. आजोबांचा खांदा, वाचता न येणारी आजी, टाकीवाली, सोंड, पाचवी. फ्लोराबाईंचा चेहरा आक्रसत गेला, सडकं काही तोंडात आल्यावर आक्रसावा तसा.

“काय काय वाटायचात?”

“सगळं. लसूण. खोबरं. सुकी मिरची.” संचिता थांबली. “रविवारी कोंबडीचा मसाला.”

“अंगावर पीत होता गं तो,” फ्लोराबाई म्हणाल्या. “अजून काही चाखलंच नव्हतं त्याने.”

खाली गल्लीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. सुरू होत नव्हती.

“माझ्या वडिलांनी वाचलं होतं नाव,” संचिता म्हणाली. “पुसायच्या आदल्या दिवशी. पहिलीत होते. आरोन. ‘रो’ला अडले होते, असं म्हणाले.”

फ्लोराबाईंनी मान वर केली. “त्यांना आठवतंय?”

“हो.”

“किती वर्षांचे आहेत?”

“सत्तावन्न.”

“पाच-सात,” फ्लोराबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पदर खोचून टेबलाशी बसल्या, एक्स्चेंजमध्ये बसत असतील तशा, पाठ ताठ. “आण तुझं ते यंत्र. मी परत म्हणेन, तू लिहून घे. चूक नको.”

संचिताने ॲप उघडलं. ‘सापडला ते ठिकाण’ या रकान्यात तिने इमारतीचं नाव लिहिलं, मजला लिहिला, मग ‘स्वयंपाकघर’ असं लिहिलं आणि फोन फ्लोराबाईंपुढे धरला. त्यांनी वाचून मान हलवली. डोक्यावरच्या अक्षरांचा फोटो तिने खिडकीतल्या उजेडात तिरपा काढला, म्हणजे कडांच्या सावल्या पडतील. मग खोली मोजायची व्हर्निअरची बारीक पट्टी बाहेर काढून अक्षराच्या तळाला टेकवली.

“वरची अक्षरं. एक पूर्णांक सहा मिलिमीटर.”

“एक, दशांश, सहा.”

“दुसरी मराठी ओळ, डावी कड. झ.” अक्षराचं फक्त खालचं वळण उरलं होतं, केसाएवढं. “शून्य पूर्णांक दोन.”

“शून्य, दशांश, दोन.”

“पहिली ओळ. नाव.”

तिने पट्टी एका जागी टेकवली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. टाकीचे ठोके सोडून, त्यांच्या मधल्या जागेत. फ्लोराबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“शून्य पूर्णांक शून्य मिलिमीटर.”